साडेएकोणीसची गोटी

बस आगाराच्या हत्यारखोलीला एक खिडकी होती. दीड वीत उंच, खाली लाकडी फळी, आणि फळीमागे एकतीस वर्षं एकच चेहरा. मेकॅनिक यायचे, कमरेत वाकायचे, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर ठेवायचे आणि पाना मागायचे. पाना बाहेर यायचा, बिल्ला आत खिळ्यावर लटकायचा. पाना परत आला की बिल्ला परत. बहुतेकांनी त्या बाईंना खांद्याखाली कधी पाहिलंच नव्हतं. एकदा त्या कॅन्टीनमध्ये चहाला गेल्या तर समोर बसलेल्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं नाही. मग त्या मुद्दाम खाली वाकल्या आणि टेबलाच्या कडेवरून नुसता चेहरा काढून बघायला लागल्या, तेव्हा तो दचकून उठून उभा राहिला. आगारात त्यांचं नाव पडलं खिडकीबाई.

खिडकीबाईंची ख्याती एका प्रश्नासाठी होती. कुणी काहीही मागितलं की त्या विचारायच्या, "कशासाठी हवाय?" उत्तर नीट मिळेपर्यंत हात कपाटाकडे जायचा नाही. मागे लाइन लागली, फोरमन ओरडला, तरी फरक पडायचा नाही. एक नवा मेकॅनिक पहिल्याच दिवशी घाईघाईनं म्हणाला, "मोठा पाना द्या." बाई म्हणाल्या, "मोठा म्हणजे तुझ्यापेक्षा की माझ्यापेक्षा?" त्या मेकॅनिकनं पुढे अठरा वर्षं मापाशिवाय काही मागितलं नाही.

एकतीस वर्षं पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. भाषणं झाली, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरी होत्या.

खरी पंचाईत झाली ती नवऱ्याची. ते शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, दोन वर्षं आधी निवृत्त झालेले, आणि त्या दोन वर्षांत स्वयंपाकघर त्यांनी हळूहळू आपल्या ताब्यात घेतलं होतं. त्यांना पसाऱ्यात स्वयंपाक करायला आवडायचं. बाईंनी पहिल्या आठवड्यात झाकणं व्यासाप्रमाणे लावली. दुसऱ्या आठवड्यात डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. तिसऱ्या आठवड्यात ओट्यावरच्या भिंतीला खिळे ठोकून डाव, झारा, चिमटा टांगले गेले आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली गेली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही कळावं. तेविसाव्या दिवशी नवरोजींनी सुरी मागितली आणि बायकोनं विचारलं, "कशासाठी हवीय?"

ते तडक गॅलरीत गेले आणि त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"तुझी बहीण परत घेऊन जा," ते म्हणाले.

मेहुणा घाबरला. "भावोजी, काय झालं? भांडलात?"

"भांडण नाही रे. कायमची नको नेऊस. दहा ते सहा ने."

मेहुणा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, टायरचं दुकान चालवायचा. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, दोन गाड्या आत उभ्या राहतील एवढं. भराभर बोलणारा, भराभर कामं अंगावर घेणारा आणि मग डोक्याला हात लावून बसणारा. बाई त्याला अजून धाकट्या म्हणायच्या, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. तिला फोन घ्यायला बसवू, असं त्यानं ठरवलं. तिच्यासाठी त्यानं काचेची छोटी केबिनही रिकामी केली. बाईंनी केबिनकडे एक नजर टाकली, खुर्ची उचलली आणि बाहेर, दोन गाड्यांच्या मधोमध नेऊन ठेवली. "आता मला सगळी गाडी बघायचीय," त्या म्हणाल्या. "तुझा फोन इथेही वाजेल."

दुकानातला मुख्य माणूस पैलवान. तरुणपणी खरोखरच कुस्त्या मारलेल्या, आता पस्तिशी उलटलेली. हवेवर चालणारी गन त्याच्या हातात केस वाळवायच्या यंत्राएवढी दिसायची. तिच्या टोकाला सॉकेट लावायचं, म्हणजे या धंद्यात ज्याला सगळे गोटी म्हणतात ते. नटावर टेकवायचं, खट्याकदिशी चाप ओढायचा, की नट मुकाट्यानं बाहेर. एका चाकाला त्याला मिनिटसुद्धा लागायचं नाही. वागायला साधा, आवाज मऊ, पण कामात थांबणं त्याला माहीत नव्हतं.

आणि या सगळ्या गोट्या राहायच्या कुठे, तर तेलाच्या एका कापलेल्या डब्यात. लहान-मोठ्या, चकचकीत, काळ्या, गंजक्या, सगळ्या एकमेकींच्या उरावर. पैलवान त्यात हात घालायचा आणि चाचपून एक काढायचा. बाईंनी पहिल्या दिवशी तो डबा नुसता बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो जमिनीवर ओतला, रॉकेलनं सगळ्या गोट्या धुतल्या आणि जुन्या चादरीवर मापाप्रमाणे मांडल्या. त्रेचाळीस निघाल्या. त्यांत एकोणीस मापाच्या सात, आणि सातही वेगवेगळ्या.

"एकोणीस म्हणजे एकोणीस," पैलवान म्हणाला. "सगळ्या बसतात की, ताई."

"आतून एकोणीस. बाहेरून किती?"

पैलवाननं आजवर गोटी बाहेरून मोजली नव्हती. मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर आले. आठवड्यापूर्वी त्यांनी चारही टायर बदलून घेतले होते. गाडी नवी नव्हती, पण तिची चाकं त्यांनी हौसेनं बसवली होती. करड्या रंगाची, अलॉयची, आणि दर रविवारी ते ती स्वतः धुवायचे. माणूस अतिशय सभ्य. "मी तक्रार करायला आलेलो नाही," असं म्हणाले आणि त्यांनी तक्रार केली. नट ज्या खोलगट भोकांत बसतात, त्या प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडला होता. एका चाकाला पाच भोकं, चार चाकं, वीस जखमा. त्यांनी फोटोही काढून आणले होते, एक्स-रे दाखवतात तसे ते क्रमानं दाखवत होते.

धाकट्याचा चेहरा पडला. तो पैलवानकडे बघायला लागला.

"माझी गोटी घसरली नाही," पैलवान म्हणाला. "आईशपथ सांगतो. एकदाही नाही."

बाई खुर्चीतून उठल्या, बॅटरी घेतली आणि पुढच्या चाकाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ त्या भोकात बघत होत्या.

"खरं बोलतोय तो," त्या म्हणाल्या. "घसरली असती तर चरा आडवातिडवा गेला असता, आणि एखाद्याच भोकात. हे बघा, गोल आहे. सगळीकडे सारखं. हे घासलंय."

त्यांनी पर्समधून व्हर्निअर काढलं. बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं असं डॉक्टरांच्या मनात आलं असेल. भोक निघालं एकोणतीस मिलिमीटरचं. पैलवानची आवडती काळी गोटी बाहेरून अठ्ठावीस.

"जाते आत," धाकटा म्हणाला.

"जाते की. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर जागा. हातानं फिरवली तर कदाचित लागणारही नाही. पण गनवर लावली की ती आत नाचते. मिनिटाला शेकडो वेळा भिंतीला घासते. चूक याच्या हाताची नाही, गोटीची आहे." पैलवानचा ऊर भरून आला. "हाताचीही थोडी आहे," बाई म्हणाल्या, "ती मागाहून सांगते."

डॉक्टर एवढा वेळ चाकाकडे वाकून बघत होते. राग कुठल्या कुठे गेला होता. "एक मिनिट," म्हणत ते आपल्या गाडीतल्या बॅगेकडे गेले आणि एक छोटी वही घेऊन आले. वहीत पातळ निळ्या कागदाच्या पट्ट्या. "दात बसवला की आम्ही हा कागद चावायला देतो. जिथे दात उंच लागतो तिथे निळा डाग उमटतो. बघायचं का लावून?"

मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. पट्टी गोटीभोवती गुंडाळायची, गोटी भोकात घालायची, हातानं डुलवत फिरवायची, बाहेर काढायची, बॅटरी मारायची. काळ्या गोटीनं भोकात निळं कडं उमटवलं. दुसरी घातली, तिचंही कडं. तिसरी तर आतच जाईना. सातांपैकी एकच अशी निघाली की भोक कोरडं राहिलं. तिची भिंत पातळ होती. पैलवाननं ती लगेच गनला लावायला घेतली.

"थांब," बाई म्हणाल्या. "ती चकचकीत आहे. हातानं वापरायची. गनचे दणके तिला सोसायचे नाहीत, फुटली तर तुकडा डोळ्यात जाईल. गनला काळीच लागते, पण पातळ भिंतीची. आणि आत बघ, किती कोपरे आहेत?"

पैलवाननं मोजले. "बारा."

"बारा कोपऱ्यांची नटाला फक्त टोकांवर धरते. नट घट्ट असला की टोकं झिजतात. सहा कोपऱ्यांची सगळ्या बाजूंनी धरते. चाकाला सहाचीच पाहिजे."

डॉक्टरांचा फोन वाजला. क्लिनिकमधून विचारत होते की पेशंट खुर्चीत येऊन पंधरा मिनिटं झाली, काय करू. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगा गुळण्या करत राहा," आणि कागदाची वही बाईंच्या हातात ठेवून, चाकं रंगवून देण्याचं धाकट्यानं दिलेलं वचन जेमतेम ऐकून ते पळाले.

दुसऱ्या दिवशी बाई आणि धाकटा हत्यारांच्या दुकानात गेले. धाकट्याचा बेत होता एक मोठी पेटी घ्यायचा. शंभर नग, निळ्या मखमलीत मांडलेले. दुकानदारानं ती उघडून दाखवलीही. बाईंनी पेटी आदरानं बंद केली. "यातले पंच्याऐंशी नग आमच्या काहीच कामाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "सुट्या दाखवा. सतरा, एकोणीस, एकवीस. काळ्या, सहा कोपऱ्यांच्या, लांब, पातळ भिंतीच्या."

"लांब कशाला?" दुकानदार म्हणाला. "सगळे आखूडच नेतात."

"नटामधून बोल्टाचं टोक बाहेर येतं ना? आखूड गोटी त्याच्यावरच टेकते. नटाला अर्धवट धरते आणि मग कोपरे खाते."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला. रुमालात पाच वेगवेगळ्या गाड्यांचे नट होते. प्रत्येक गोटी त्या नटावर बसवायच्या, डुलवून बघायच्या, बाहेरून मोजायच्या. जी थोडीही खुळखुळली ती बाजूला. दुकानदारानं पहिली दहा मिनिटं जांभया दिल्या, नंतर स्टूल ओढून घेतलं आणि शेवटी स्वतःच मागच्या खोलीतून एक खोकं आणलं. "हे कुणी मागत नाही म्हणून मांडत नाही," तो म्हणाला. खोक्यात तीनच गोट्या होत्या, प्रत्येकीच्या अंगावर जाड प्लॅस्टिकचा सदरा: सतराला निळा, एकोणीसला पिवळा, एकवीसला लाल. प्लॅस्टिक सुटं फिरत होतं. म्हणजे आत गोटी गरागरा फिरली तरी सदरा भोकाच्या भिंतीला टेकून गप्प उभा राहणार. बाईंनी पिवळी हातात घेतली, सदरा बोटानं फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते धाकट्यानं बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा.

पैलवानला मात्र त्या गोट्या अजिबात रुचल्या नाहीत. "ही खेळणी आहेत," तो म्हणाला. "माझ्या पुतणीच्या बाळाकडे असली आहेत, चावायला."

बाईंनी वाद घातला नाही. डॉक्टरांच्या कागदाची एक पट्टी पिवळ्या सदऱ्यावर गुंडाळली, गोटी गनला लावून त्याच्या हातात दिली आणि भंगारात पडलेल्या एका चाकाकडे बोट दाखवलं. पैलवाननं चाप ओढला. गोटी फिरली, सदरा फिरला नाही, भोक स्वच्छ. त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मुद्दाम गन वाकडी धरली. तरी स्वच्छ.

"आता हाताची चूक ऐक," बाई म्हणाल्या. "तू गन सुरू करून मग नट शोधतोस. आधी गोटी पूर्ण बसव, मग चाप ओढ. आणि बसवताना पहिले चार आटे बोटांनी. शेवटचा पीळ पान्यानं, गननं नाही."

"त्यानं वेळ जाईल."

"किती?"

पैलवाननं विचार केला. "दोन मिनिटं."

"ती मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारून भरून काढते."

आणि त्या खरंच मारायच्या. बघता बघता लोक गाडी सोडून जायचे ते थांबायला लागले. बाईंनी भिंतीवर एक फळी ठोकली, फळीवर खिळे, खिळ्यांवर गोट्या, प्रत्येक गोटीखाली तिचं आतलं आणि बाहेरचं माप. महिन्याभरात पैलवान डोळे मिटून हात मागे करायचा आणि बरोबर गोटी काढायचा. तेलाचा डबा धाकट्यानं झाडाला पाणी घालायला नेला.

असे तीन-चार महिने गेले असतील. एका शनिवारी दुपारी सव्वाच्या सुमाराला एक छोटी पांढरी गाडी लंगडत दुकानात शिरली. मागचं टायर बसलेलं. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, चष्म्याला साखळी. चार वाजता नातीची पोहण्याची शर्यत होती, तलाव तिथून वीस मिनिटांवर. वाटेत दोन ठिकाणी त्यांनी टायर बदलून मागितलं होतं आणि दोन्ही ठिकाणी नट निघाले नव्हते.

"पहिल्या ठिकाणी म्हणाले नट खराब आहेत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ठिकाणी म्हणाले गाडीच खराब आहे. तुम्ही काय म्हणणार आहात ते आत्ताच सांगा, म्हणजे मी रिक्षा बघते."

पैलवाननं पिवळी गोटी लावून बघितली, नटावर चढेना. लाल एकवीसची लावली. ती गोल गोल फिरायला लागली. मधली वीसची साधी गोटी काढली. ती गेली, पण सैल. त्यानं ती लगेच काढून घेतली. "ही कोपरे खाईल," तो म्हणाला. "आणि एकोणीसची ठोकून बसवली तर बसेल, पण मग चाकाचं काय होईल, आणि गोटी परत निघणार कशी?"

चार महिन्यांपूर्वी याच माणसानं हातोडा आधी आणि प्रश्न नंतर काढला असता. बाईंनी हे मनातल्या मनात नोंदवलं आणि नटाजवळ बॅटरी नेली.

"फुगलेत," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिकांना कळावं म्हणून त्यांनी नीट सांगितलं. हे नट अखंड लोखंडाचे नसतात. आत साधा लोखंडी नट आणि वर पातळ चकचकीत टोपी, शोभेची. वर्षानुवर्षं टोपीखाली पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि टोपीला बाहेर ढकलतो. एकोणीसचा नट एकोणीसचा राहत नाही. "साडेएकोणीसचा होतो," बाई म्हणाल्या. "म्हणून एकोणीसची चढत नाही आणि वीसची धरत नाही."

"मग साडेएकोणीसचं माप मिळतं का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

धाकटा हसला. "मॅडम, गोटी आहे की चप्पल? अर्ध्या नंबरात येते होय?"

बाईंनी त्याच्याकडे लक्ष न देता हत्यारांच्या दुकानदाराला फोन लावला. तिकडून थोडा वेळ खोकी सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आहे. तीन वर्षं झाली येऊन. चुकून आली होती. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

हत्यारांचं दुकान बाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. बाईंनी नवऱ्याला फोन केला. ते नेहमीप्रमाणे जेवणाचा डबा घेऊन निघायच्या तयारीत होते. बायकोला दहा ते सहा घालवल्यापासून दुपारचा डबा स्वतः पोचवायचा, हे त्यांनी आनंदानं अंगावर घेतलं होतं.

"अहो, येताना हत्यारवाल्याकडून एक गोटी आणा. साडेएकोणीस. सहा कोपरे आहेत ना, ते आत बोट घालून बघा."

"कशासाठी हवीय?" नवऱ्यानं विचारलं. गेले चार महिने ते या संधीची वाट बघत होते.

"सांगते, आधी बसमध्ये बसा," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

अडीचला बस कोपऱ्यावर थांबली. नवरोजी एका हातात पिशवी धरून, दुसऱ्या हातानं टोपी सावरत चक्क धावत आले. गोटी हरवू नये म्हणून त्यांनी ती रुमालात गुंडाळून डब्याच्या दोन खणांच्या मध्ये बसवली होती. त्यामुळे ती गरमागरम बाहेर आली. पैलवाननं आधी व्हर्निअर घेतलं. बाईंनी सांगितलं नव्हतं. "भोक तीस, गोटी सव्वीस," तो म्हणाला, तरीही त्यानं गोटीभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे घेतले. गन त्यानं उचललीच नाही. लांब दांडी लावली, गाडी जमिनीवरच असताना गोटी नटावर टेकवली आणि तळहातानं हलकेच दाबली.

ती चढली. ठोकावं लागलं नाही, खुळखुळली नाही. हातमोजा हातात जावा तशी गेली. पैलवाननं दांडीवर भार दिला. नट कुरकुरला आणि फिरला. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे बघितलं. दुसरा, तिसरा, चौथा.

पाचवा हट्टी निघाला. त्याची टोपी आधीच्या दोन ठिकाणी सैल झाली होती. गोटी फिरली की टोपी फिरायची, आतला नट जागच्या जागी. धाकट्यानं डोक्याला हात लावला. बाई काही बोलायच्या आत पैलवान म्हणाला, "टोपी काढून टाकू. आत लहान नट असेल ना, अठराचा?" त्यानं भोकाच्या कडेला सगळीकडून चिकटपट्टी लावली, निमुळती पक्कड घेतली आणि अंड्याचं टरफल सोलावं तशी ती टोपी थोडी थोडी सोलून काढली. एवढा मोठा माणूस, जीभ दातांत धरून, श्वास रोखून. आत गंजानं तपकिरी झालेला नट होता. अठराची पातळ गोटी त्याच्यावर घट्ट बसली आणि तोही निघाला. चाकावर एक रेघ नव्हती.

बाई बाजूला उभ्या होत्या. आगारात पाना खिडकीतून जायचा आणि परत यायचा, मधलं काहीच त्यांना दिसायचं नाही. इथे त्यांनी पाचवा नट पैलवानच्या तळहातावर पडताना बघितला आणि त्यांना एकदम भूक लागली. आनंद झाला की त्यांना लहानपणापासून भूकच लागायची.

जुने नट परत लावायचा प्रश्नच नव्हता. धाकट्यानं कपाटातून अखंड लोखंडाचे पाच नवे नट आणले. त्यांचे आटे आणि खालचा उतार जुन्यांशी जुळतात ना, ते त्यानं स्वतः दोनदा बघितलं. पैलवाननं डिकीतलं चाक चढवलं, नट बोटांनी फिरवले, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्यानं दिला. पाना कट्ट वाजला की थांबायचं. पाच वेळा वाजला.

"बाकीच्या तीन चाकांचे नटही बदलायला हवेत," बाई म्हणाल्या. "सोमवारी या. आज नको."

"तीन पंचवीस झाले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग पैलवानकडे वळल्या. शाळेत बक्षीस देताना करायच्या तसं त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाल्या, "हात फार चांगला आहे तुमचा." पैलवान लाल झाला. गाडी इतक्या वेगात बाहेर पडली की धाकटा म्हणाला, "शर्यतीत नातीऐवजी या बाईंचंच नाव दिसतंय."

मग सगळ्यांना डब्याची आठवण झाली. नवरोजी कुरकुरले की सगळं गार झालं, गोटी तेवढी गरम पोचली. टायरच्या चार थप्प्यांवर चौघं बसले. डबा एकीचा होता आणि खाणारे चार, म्हणून धाकट्यानं समोरून ब्रेड आणि उकडलेली अंडी आणली. नवरोजींनी गोटी कशी मिळवली ते पहिल्यापासून सांगितलं: दुकानदारानं विचारलं कुणासाठी, यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, मग आत बोट घालून बघाच, नाहीतर बाई परत पाठवतील. पैलवान हसता हसता ठसकला.

पावणेपाचला फोन वाजला. बाईंनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. मागून पाण्याचा आणि शिट्ट्यांचा आवाज येत होता.

"पोचले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शिट्टी व्हायच्या आत खुर्चीत बसले होते."

"आणि नात?" बाईंनी विचारलं.

"सहा जणींत पाचवी आली. मागच्या वेळी सहावी होती. तिच्या आनंदाला पारावार नाही, आणि माझ्याही. सोमवारी दहाला येते."

"या," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी सोमवारच्या पानावर मुख्याध्यापिकांचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं 'नट पंधरा', आणि पैलवानच्या पुढ्यातलं शेवटचं अंडं उचलून निम्मं त्याला दिलं.